बेटावर ऑटिझम किती? तीच मुलं दोनदा मोजली तेव्हा

फेरो बेटांवर २००२ साली एक मोजणी झाली. १९८५ ते १९९४ या दहा वर्षांत जन्मलेली, म्हणजे तेव्हा ८ ते १७ वर्षांची असलेली, बेटांवरची झाडून सगळी मुलं तिच्यात धरली होती. साधारण ७,७०० मुलं. त्यांतल्या ०.५६ टक्के मुलांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं तपासणीअंती ठरलं. सात वर्षांनी, २००९ मध्ये, पुन्हा मोजणी झाली. पुन्हा त्याच सालांतले जन्म घेतले. ती मुलं आता १५ ते २४ वर्षांची झाली होती. या खेपेला आकडा निघाला ०.९४ टक्के.

सात वर्षांत प्रमाण दीडपटीच्याही वर गेलं. ही बातमी छापायला दिली तर मथळा काय होईल हे सांगायला नको. पण जरा थांबा. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. त्याची मुळं जन्माआधीपासूनची असतात, लक्षणं अगदी लहानपणी उमटू लागतात. दहा वर्षांच्या धडधाकट मुलाला सतराव्या वर्षी ऑटिझम ‘झाला’ असं होत नाही. त्यामुळे या सात वर्षांत हवेतून, पाण्यातून, मोबाइलमधून किंवा लशीतून काहीतरी आलं आणि मुलांना बाधलं, या म्हणण्याला इथे जागाच उरत नाही. मुलं तीच होती, आकडा मात्र बदलला.

ऑटिझमच्या आकड्यांवर रोज काहीबाही छापून येतं, त्यात मला हे छोटंसं उदाहरण सगळ्यांत बोलकं वाटतं. म्हणून ते जरा सावकाश पाहू.

बेटच का?

फेरो हा उत्तर अटलांटिकातला १८ बेटांचा पुंजका. स्कॉटलंडच्या वर, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधोमध. डेन्मार्कच्या राज्यातला, पण स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा मुलूख. राजधानी तोरशाव्हन. या मोजण्या झाल्या तेव्हा सगळी मिळून लोकवस्ती पन्नास हजारांच्या आत होती. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त माणसं सापडतील. धंदा मुख्यतः मासेमारीचा.

रोगांची आणि अपंगत्वाची मोजदाद करणाऱ्यांना अशी ठिकाणं फार आवडतात, कारण मोजणीत सगळ्यांत अवघड असतो तो भागाकारातला खालचा आकडा. ‘शंभरात किती’ म्हणायचं तर आधी ‘शंभर’ कोण हे पक्कं हवं. मुंबईत १९८५ ते १९९४ मध्ये जन्मलेली आणि आज मुंबईतच राहणारी मुलं किती, याचं उत्तर कोणीही छातीठोकपणे देणार नाही. फेरोवर देता येतं. प्रत्येक जन्माची नोंद आहे, शाळा मोजक्या आहेत, येणाराजाणारा बोटीने नाहीतर विमानाने येतो-जातो, आणि प्रत्येक कुटुंबाची वंशावळ कुठे ना कुठे लिहिलेली आहे. त्यामुळे नमुना म्हणून थोडी मुलं निवडून अंदाज बांधण्याऐवजी सरसकट सगळ्यांना गाठता येतं.

पण याच छोटेपणाची दुसरी बाजूही आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

मोजायचं नेमकं काय?

ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. मधुमेहात साखरेचा आकडा असतो, तसं इथे काही नाही. निदान होतं ते वागण्याबोलण्याच्या निरीक्षणावरून आणि लहानपणापासूनच्या माहितीवरून. दोन गोष्टी पाहतात. एक, माणसांशी देवाणघेवाण: नजर, हावभाव, बोलण्यातली पाळी, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अदमास. दोन, ठरावीकपणा आणि पुनरावृत्ती: त्याच त्या हालचाली, रोजच्या क्रमात बदल झाला की होणारी तगमग, एखाद्याच विषयाचं झपाटलेपण, आवाज-स्पर्श-उजेड यांचा अति त्रास किंवा अति ओढ. दोन्ही गोष्टी लहानपणापासून असाव्या लागतात आणि त्यांनी रोजच्या जगण्यात अडचण यावी लागते.

या वर्णनात बसणारी दोन मुलं एकमेकांसारखी अजिबात नसतील. एक मुलगा सहाव्या वर्षीही बोलत नाही आणि तासन्‌तास पंख्याकडे बघत बसतो. दुसरा मोठ्या माणसासारखं पुस्तकी बोलतो, बोटींचं अख्खं वेळापत्रक त्याला तोंडपाठ असतं, पण मधल्या सुट्टीत कोणाशी काय बोलावं ते त्याला कळत नाही. पहिला कोणाच्याही नजरेत भरतो. दुसऱ्याला शाळेत ‘हुशार आहे पण जरा विक्षिप्त’ म्हणून सोडून देतात.

शिवाय रेघ कुठे मारायची हे काळागणिक बदलत गेलं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हा डोळ्यांसमोर होता तो पहिल्यासारखा मुलगा. १९६६ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात व्हिक्टर लॉटर यांनी ८ ते १० वर्षांच्या मुलांची पहिली पद्धतशीर मोजणी केली. निघाली दहा हजारांत साडेचार. पुढे लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनमध्ये दाखवून दिलं की कॅनरच्या चौकटीत न बसणारी, पण त्याच अडचणी असलेली मुलं कितीतरी जास्त आहेत. १९९४ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत आस्पर्गर सिंड्रोम आलं आणि आपला वेळापत्रकवाला मुलगा यादीत शिरला. २०१३ मध्ये सगळे उपप्रकार मोडून एकच ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ झाला. १९६६ चा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून ‘बघा किती वाढ’ म्हणणारा माणूस दोन वेगळ्याच गोष्टी मोजतोय, हे त्यालाही ठाऊक नसतं.

चाळणी आणि तपासणी

सात-साडेसात हजार मुलांपैकी प्रत्येकाला तज्ज्ञांसमोर अर्धा दिवस बसवणं कोणालाच परवडत नाही. म्हणून असं काम दोन टप्प्यांत होतं. आधी शाळांमार्फत किंवा पालकांमार्फत ‘या मुलाकडे नीट बघायला हवं’ अशी मुलं बाजूला काढायची, आणि मग फक्त त्यांची सखोल तपासणी करायची.

पहिल्या टप्प्यासाठी ज्या प्रश्नावल्या वापरतात, त्यांतली एक स्वीडनमधल्या गोथेनबर्गची आहे. क्रिस्टोफर गिलबर्ग आणि त्यांचे सहकारी तिथलेच, आणि फेरोच्या अभ्यासामागेही तेच होते. त्या प्रश्नावलीत २७ विधानं असतात: मुलगा वयाच्या मानाने जुनाट किंवा पोक्त वाटतो का, इतर मुलं त्याला ‘प्रोफेसर’ म्हणून चिडवतात का, तो स्वतःच्याच मोजक्या आवडींच्या जगात राहतो का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण ५४. मूळ प्रश्नावलीच्या शिफारशीनुसार शिक्षकाने भरली असेल तर २२ आणि पालकाने भरली असेल तर १९ गुणांच्या वर गेलेला मुलगा पुढे पाठवायचा.

आता कल्पना करा. वर्गात एक मुलगी आहे. ती गप्प असते, अभ्यास वेळेवर करते, बाकीच्या मुली हसल्या की हसते. घरी गेल्यावर दार लावून रडते, पण ते बाईंना दिसत नाही. बाई तिच्या नावापुढे आठ-नऊ गुण टाकतील आणि पुढच्या मुलाकडे वळतील. ती मुलगी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलीच नाही, म्हणजे अहवालाच्या लेखी तिला ऑटिझम नाही.

दुसरा टप्पा दमवणारा असतो. आईवडिलांशी काही तास मुलाखत: रांगायला कधी लागला, बोट दाखवून वस्तू मागायचा का, भातुकली खेळायचा का. मुलासोबत ठरावीक खेळ आणि संभाषण, बुद्धिमापन चाचणी. मग सगळं एकत्र मांडून निर्णय. फेरोच्या अभ्यासात हे काम कसून झालं होतं, आणि तरीही मुलं सुटली, कारण सुटण्याची जागा पहिल्या टप्प्यात होती.

२००२ चा आकडा, जवळून

०.५६ टक्के म्हणजे ७,७०० पैकी ४३ मुलं. एकूण मुलांच्या हिशेबात ठळक, बालपणीच्या ऑटिझमची फक्त ०.१२ टक्के, आस्पर्गरची ०.२६ टक्के, बाकीची यांच्या अधेमधे. मुलगे आणि मुली यांचं प्रमाण सहास एकच्या आसपास.

आता ४३ या संख्येचा स्वभाव पाहा. अशा मोजण्यांत निव्वळ योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतं याचा एक ढोबळ हिशेब आहे: संख्येचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ४३ चं वर्गमूळ साडेसहा, दुप्पट १३. म्हणजे मुलं जन्मण्याची खरी ‘शक्यता’ तीच असूनही एखाद्या दशकात ३० मुलं निघाली असती, एखाद्यात ५६. टक्क्यांत सांगायचं तर ०.३९ पासून ०.७३ पर्यंत काहीही. दशांशचिन्हानंतर दोन आकडे पाहिले की आपल्याला वाटतं फार अचूक काम झालंय. छोट्या बेटाच्या बाबतीत त्यातला दुसरा आकडा जवळजवळ शोभेचाच.

आणखी खाली उतरलं तर गंमत वाढते. २०० मुलांची शाळा घ्या. ०.५६ टक्क्यांनी तिथे सरासरी एक मूल अपेक्षित आहे. अशा वीस शाळा असतील, तर त्यांतल्या सहा-सात शाळांत एकही मूल नसेल, आणि दोनेक शाळांत तीन किंवा अधिक असतील. यामागे कारण काहीच नाही, नुसता फाशांचा खेळ. पण त्या दोन गावांतल्या लोकांना हे पटवून दाखवा! तिथे मोबाइलच्या टॉवरपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळ्यांची चौकशी सुरू झालेली असते, आणि एकही मूल नसलेल्या सहा गावांत कोणी काही विचारत नाही.

२००९ मध्ये काय बदललं

दुसऱ्या फेरीत ६७ जण निघाले. ज्यांना पहिल्या वेळी ठळक ऑटिझम म्हटलं होतं त्यांचं निदान टिकलं; उपप्रकारांच्या सीमारेषा थोड्या हलल्या. संशोधकांनी स्पष्टच लिहिलं की पहिल्या वेळी बरेच जण निसटले होते, आणि त्यांत मुली विशेष. मुलगे-मुली यांचं प्रमाण सहास एकवरून खाली येऊन तीनास एकच्याही आत गेलं. एरवी लोक म्हणतात ‘ऑटिझम हा मुलग्यांचा’. त्या समजुतीतला निदान अर्धा भाग तरी मुली न दिसण्याचा होता.

न दिसण्याची कारणं समजण्यासारखी आहेत. प्रश्नावल्या मुलग्यांच्या अनुभवावरून बेतलेल्या. मुलगी घोड्यांच्या किंवा गायिकेच्या नादी लागली तर ते वयाला साजेसं वाटतं, मुलगा पंपांच्या नादी लागला की डोळे विस्फारतात. पुढे गोथेनबर्गच्याच मंडळींनी मुलींसाठी वेगळी विधानं जोडून पाहिली. ‘आपल्याहून लहान मुलांतच जास्त रमते’ अशा धर्तीची. शिवाय शाळेत भागून गेलेली माणसं कॉलेजात, नोकरीत, मैत्रीत अडखळतात. शाळेतला दिवस कोणीतरी आखून दिलेला असतो. अठराव्या वर्षानंतर तो स्वतः आखावा लागतो, आणि तिथे झाकलेलं उघडं पडतं.

आपल्याकडे गावात मधुमेह तपासणीचं शिबिर लागलं की संध्याकाळपर्यंत गावातले मधुमेही दुप्पट होतात. साखर त्या दिवशी वाढलेली नसते. फेरोवर सात वर्षांत असंच झालं. फक्त शिबिर एका दिवसाचं नव्हतं. पहिल्या अभ्यासामुळेच शिक्षक, डॉक्टर, पालक यांचे डोळे तयार झाले होते.

एक बारीक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. २००९ मध्ये भागाकारातला खालचा आकडाही कमी झाला होता: ७,७०० च्या जागी ७,१२८. फेरोची तरुण मुलं शिकायला डेन्मार्कला जातात, तिकडेच राहतात. जाणारे बहुतेक कोण? ज्यांना एकट्याने परक्या शहरात राहणं जमतं ते. ज्यांना आधाराची गरज आहे ते घराजवळ राहण्याची शक्यता जास्त. म्हणजे नवी मुलं न सापडताही टक्का थोडा वर सरकला असता. जुन्याच ७,७०० ने ६७ ला भागलं तर ०.८७ येतं, ०.९४ नाही. फरक छोटा आहे, पण ज्या बेटांवरून माणसं सतत बाहेर जातात तिथल्या प्रत्येक टक्क्यात तो लपलेला असतो. आमच्या कोकणातल्या गावांनाही हे नवं नाही: मुंबईला गेलेले पटावरून उतरतात, आणि मग गावात सगळेच म्हातारे आणि आजारी दिसू लागतात.

बेटाचा काही गुण असेल का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि संशोधकांनाही पडला. तीन संशयित होते.

पहिला, रक्त. फेरोवर वस्ती झाली व्हायकिंगांच्या काळात, मूठभर माणसांपासून. पुरुष बहुतांशी स्कँडिनेव्हियातले, बायका बऱ्याचशा ब्रिटिश बेटांवरच्या. हजार-अकराशे वर्षं आपापसांत लग्नं झाली. अशा ठिकाणी पूर्वजांपैकी एकाकडे असलेला एखादा दुर्मीळ जनुकीय दोष वंशजांत पसरतो. याचा पुरावा फेरोवरच आहे: कार्निटिन नावाचा पदार्थ पेशींत पोचवण्यात अडथळा आणणारा एक दोष इतरत्र अतिशय विरळा आहे, फेरोवर मात्र तो साधारण दर ३०० जणांत एकाला आहे. ऑटिझमही असाच एखाद्या जनुकाचा खेळ असता, तर या बेटांवर त्याचा आकडा एक तर आभाळाला भिडला असता किंवा शून्याजवळ राहिला असता. तसं काहीच झालं नाही. आकडा इतर देशांसारखाच निघाला. कारण ऑटिझममागे शेकडो जनुकं असतात. काहींतला एकच मोठा बिघाड पुरतो, बाकीच्यांत बारीकसारीक फरकांची बेरीज होत जाते. २०१९ मध्ये फेरोवरच्या ३६ ऑटिस्टिक व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात दोन्ही प्रकार सापडले, आणि रक्तसंबंधातून येणारा थोडा वाटाही दिसला. ‘बेटाचा एक जनुक’ असं काही हाती लागलं नाही.

दुसरा संशयित, पारा. फेरोचे लोक पायलट व्हेल या देवमाशाचं मांस खात आले आहेत आणि त्यात मिथाइल पारा भरपूर असतो. फिलिप ग्रांजाँ आणि पॉल वाय्हे यांनी १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारेक बाळांच्या नाळेच्या रक्तातला पारा मोजला आणि मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली. ज्यांच्या आईच्या पोटात जास्त पारा गेला होता त्यांचं लक्ष, स्मृती, भाषा यांत बारीक पण खरी घट दिसली. २००८ मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हे मांस खाऊच नका असं सांगितलं. म्हणजे पारा निर्दोष नाही. पण ऑटिझमशी त्याचा धागा जुळतो का? हीच मुलं १९८५ ते १९९४ च्या गटात होती, आणि त्या गटातलं ऑटिझमचं प्रमाण जगापेक्षा जास्त नव्हतं. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर तर हा प्रश्न थेट विचारला गेला. तिथे रोज मासे खातात. १,७८४ मुलं आणि तरुण तपासले, गरोदरपणातला पारा आणि ऑटिझमसारखी लक्षणं यांचा मेळ बसतो का पाहिलं. २०१३ मध्ये उत्तर आलं, बसत नाही. सुरमई खाल्ल्यामुळे असं झालं का, या चिंतेने झोप उडालेल्या आयांना हे सांगण्याजोगं आहे.

तिसरा संशयित, ऊन. फेरो ६२ अंश उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोकं वर काढतो, उन्हाळ्यात ढग असतात. २०१४ च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक तरुणांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व त्यांच्या भावंडांपेक्षा, आईवडिलांपेक्षा आणि इतर समवयस्कांपेक्षा कमी आढळलं. हे वाचून लगेच गोळ्या सुरू करणारे भेटतात. पण रक्त काढलं ते १५ ते २४ व्या वर्षी. ज्याला घराबाहेर पडायला नको वाटतं आणि जो चारच पदार्थ खातो, त्याचं ड जीवनसत्त्व कमी असणारच. ते कारण की परिणाम, हे त्या वयातल्या रक्तातून कळत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी, ते वेगळं.

इतर बेटं, इतर आकडे

आइसलंडमध्ये १९७४ ते १९८३ मध्ये जन्मलेल्यांत ठळक ऑटिझमचं प्रमाण दहा हजारांत ३.८ होतं, पुढच्या दहा वर्षांत जन्मलेल्यांत ८.६. मग १९९४ ते १९९८ मध्ये जन्मलेल्या २२,२२९ मुलांत संपूर्ण स्पेक्ट्रम मोजला तेव्हा २६७ निघाली: १.२ टक्के. देश तोच, लोक तेच. व्याख्या रुंदावली, तपासणी लहान वयातच होऊ लागली. उत्तर आयर्लंडमध्ये शाळांच्या नोंदींवरून दरवर्षी आकडा काढतात. २००९-१० मध्ये तो १.२ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ५ टक्के. तिथे शाळेला निदान माहीत असलेली मुलं मोजतात. निदान झालं तर मदत मिळते, म्हणून निदान मागितलं जातं, म्हणून नोंद होते. यात फसवणूक कोणाचीच नाही. फेरोसारखं सगळ्या मुलांत शोध घेणं आणि असं वहीत बघून मोजणं ही मुळात दोन वेगळी कामं आहेत, इतकंच.

बेट नसलं तरी हेच. अमेरिकेत २०२२ सालच्या मोजणीत आठ वर्षांच्या मुलांत ३१ मध्ये एक असा आकडा निघाला (जाहीर झाला २०२५ मध्ये), आणि त्याच अहवालात टेक्ससमधल्या लारेडोत हजारात ९.७, तर कॅलिफोर्नियातल्या केंद्रात हजारात ५३.१. एकाच देशात पाचपट तफावत! दक्षिण कोरियातल्या गोयांग शहरात साध्या शाळांतही शोध घेतला तेव्हा २.६४ टक्के निघाली; तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली दोनतृतीयांश मुलं नेहमीच्या शाळेत होती आणि त्यांना काही आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग खरी वाढ मुळीच झालेली नाही का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. आईवडिलांचं वाढतं वय, फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं जगणं, अशा गोष्टी खरोखर थोडी भर घालत असतील. पण ती भर शोधायची तर आधी मोजणीतला फरक वजा करावा लागतो, आणि तो किती मोठा असू शकतो हे फेरोने दाखवलं.

आपल्याकडे कोण मोजतं?

भारतात पाच ठिकाणी घरोघर जाऊन केलेला एक चांगला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २ ते ९ वर्षांची जवळपास चार हजार मुलं, आणि पाचांतलं एक ठिकाण उत्तर गोवा. ऑटिझम साधारण एक टक्क्याच्या आसपास निघाला. बाकी बहुतेक वेळा आपल्याकडे असतात त्या कागदपत्रांच्या नोंदी. २०११ च्या जनगणनेत ऑटिझमला स्वतःचा रकानाच नव्हता. ती मुलं ‘इतर’मध्ये किंवा मतिमंदत्वाच्या खाली गेली असतील. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने त्याला वेगळी ओळख दिली. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. म्हणजे ६८ गुणांचं मूल डॉक्टरांच्या फाइलमध्ये ऑटिस्टिक असू शकतं आणि सरकारी आकड्यात नसू शकतं.

शोध घेणारी यंत्रणाही आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो पालघरहून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. वजन, दात, डोळे, हृदय, त्वचा असं सगळं एका सकाळी तपासतं, आणि वाढीतल्या अडचणींच्या यादीत ऑटिझमही आहे. संशय आला तर जिल्ह्याच्या त्वरित हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकासमोर एका रांगेत चाळीस मुलं असतात. जो ओरडतो, पळतो, चावतो तो टिपला जातो. जो कोपऱ्यात खडे ओळीने लावत शांत बसलाय, त्याला ‘गुणी आहे हो’ म्हणून मदतनीस बाई उचलून वजनकाट्यावर ठेवतात. तिथे आईने किंवा सेविकेने आपणहून सांगावं: नावाने हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, दीड वर्षाचा असताना येणारे दोन शब्द आता येत नाहीत. एवढ्या तीन वाक्यांवरही पुढची चिठ्ठी मागता येते, आणि ती मागायला मूल पाच वर्षांचं होण्याची वाट बघावी लागत नाही.